ज्यानं मारलं त्यानं उचलायचं

मला बंदूक चालवता येते ही बातमी टेक्सासमधल्या फ्रिस्कोच्या मराठी मंडळात फुटली ती जुलैच्या पॉटलकच्या जेवणाला, आणि ती फोडली माझ्याच नवऱ्याने. कुणीतरी विचारलं, वहिनी काय करतात? धम्मदीपला सरळ सांगता आलं असतं की सुजाता साठवणीच्या धान्यावर संशोधन करते, पीएच.डी. आहे, युनिव्हर्सिटीच्या फार्मवर नोकरीला आहे. पण हातात मसालेभाताची ताटली आणि भोवती ऐकणारे लोक असले की त्याला चेव येतो. "बंदुकीने उंदीर मारते यार ती," तो म्हणाला. सगळे हसले. दोन वर्षं आम्ही त्या मंडळात जात होतो, पण तोवर आडनाव सोडून कुणी मला काहीही विचारलं नव्हतं. आडनाव मात्र प्रत्येकाने विचारलं होतं आणि ऐकल्यावर प्रत्येकाने "अच्छा, अच्छा" असं दोनदा म्हटलं होतं.

आधी बंदुकीचं खरं काय ते सांगते. आमचं फार्म शहराच्या उत्तरेला, चाळीस मिनिटांवर. तिथल्या गोदामाला पत्र्याचं छप्पर आहे आणि त्या छपराच्या तुळयांवरून उंदीर राजरोस फिरतात. विष घालता येत नाही, कारण खाली माझे प्रयोगाचे नमुने असतात. साधी गोळी झाडली तर पत्र्याला भोक पडून ती कुठल्या कुठे जाईल. म्हणून वेनने, म्हणजे आमच्या फार्मच्या साठीतल्या मॅनेजरने, मला छर्ऱ्यांचं काडतूस दाखवलं. करंगळीच्या पेराएवढं. आत एक गोळी नसते, मोहरीहून बारीक शिशाचे दीडशेक दाणे असतात, आणि तोंड चुण्या घालून बंद केलेलं असतं, मोदकासारखं. पत्र्याला त्याने पोचाही येत नाही. दहा फुटांवर उंदीर जागीच पडतो. वीस फुटांवर त्याला फक्त राग येतो.

व्हिसावरच्या माणसाला इथे बंदूक धरायची तर शिकारीचं लायसन्स लागतं. ते मी रीतसर काढलं. सराव केला तो पापडांवर. इंडियन ग्रोसरीवाला तारीख उलटलेले पापड फेकून द्यायचा, ते मी उचलून आणायची, गवताच्या गठ्ठ्यांसमोर दोरीला कपड्यांच्या चिमट्यांनी लावायची आणि आठ फूट, दहा फूट, बारा फूट असं मागे सरकत झाडायची. छर्रे किती पसरतात ते पापडाइतकं स्वच्छ दुसरं काही दाखवत नाही. वेनला ही युक्ती इतकी आवडली की त्याने स्वतःची कागदी ताटं सोडून दिली आणि माझ्याकडे पापड मागायला लागला.

त्याचा एक नियम होता आणि तो पहिल्याच दिवशी त्याने मला ऐकवला. ज्यानं मारलं त्यानं उचलायचं. वेन स्वतः मॅनेजर, हाताखाली चार माणसं, पण त्याने मारलेला उंदीर तो स्वतः उचलायचा. हातमोजे, ब्लीचचं पाणी, पिशवी, गाठ. मला तो नियम पटला. आम्ही रोज पंचशील म्हणतो, त्यातलं पहिलंच शील प्राणिहत्येपासून दूर राहण्याचं आहे. मी ते मोडते हे मला ठाऊक आहे, आणि मोडते तेव्हा माझ्या हाताने मोडते. दुसऱ्याच्या हाताने मोडून स्वतः कोरडी राहत नाही.

त्या उन्हाळ्यात, २००६ साली, माझे वडील आमच्याकडे आले होते. राजाराम त्यांचं नाव. तेहतीस वर्षं वरणगावच्या कारखान्यात काडतुसं तपासायचं काम केलं आणि उभ्या आयुष्यात एकही झाडलं नाही. मी माझं काडतूस दाखवलं तर त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ते खिडकीशी नेलं, बोटांत फिरवलं, आणि म्हणाले, "चुण्या एकसारख्या आहेत. पास." मग थांबून म्हणाले, "उंदरानं तुझं काय घोडं मारलंय?" मी म्हटलं, "बाबा, गहू खातो." दुसऱ्या दिवशी ते भोकं पडलेले पापड उन्हाला धरून मोजत बसले होते.

ऑगस्टच्या मध्यावर जगन्नाथकाकांचा फोन आला. जगन्नाथकाका मंडळाचे अध्यक्ष. शहराच्या हद्दीबाहेर त्यांनी पाच एकरांत घर बांधलं होतं, मागे मोठं बार्न, म्हणजे पत्र्याचं कोठार होतं, आणि मंडळाचा गणपती यंदा त्या बार्नमध्ये बसायचा होता.

"सुजाताताई, मोठा प्रॉब्लेम झालाय," ते म्हणाले. "बार्नमध्ये उंदीर झालेत. मखराचं कापड कुरतडलं. ट्रॅप लावले, एक सापडत नाही."

"विष नका टाकू," मी म्हणाले.

"छे छे, विष कसलं! अहो, गणपती दहा दिवसांवर आलेत. त्याचं वाहन ते. ऐन गणपतीत आपल्या हातून नको, असं सुलभाचं म्हणणं आहे. म्हणून तुम्हाला फोन केला. तुमच्यात चालतं ना?"

तुमच्यात! मी फोन हातात धरून उभी राहिले. ज्यांच्या धर्माची सुरुवातच मुंगीला मारू नका इथून होते त्या आमच्यात उंदीर मारलेला चालतो, हे या माणसाला कुणी सांगितलं? कुणी सांगायची गरजच नव्हती. आडनाव कळलं होतं, तेवढं पुरलं. ‘तुमच्यात’ हा शब्द मी शाळेत ऐकलाय, हॉस्टेलमध्ये ऐकलाय, घर भाड्याने शोधताना ऐकलाय. तो सात समुद्र ओलांडून माझ्याआधी टेक्सासला येऊन बसला असेल अशी माझी कल्पना नव्हती.

आणि तरी मी "येते" म्हणाले. खरं सांगते, मला आनंद झाला होता. दोन वर्षांत मंडळातून कुणी मला पहिल्यांदा फोन केला होता, आणि माझ्या विद्येसाठी केला होता असं मी स्वतःला पटवलं. या गोष्टीचा मला आजही राग येतो, आणि तो जगन्नाथकाकांवर नाही, माझ्यावर येतो.

शनिवारी दुपारी आम्ही गेलो, मी आणि बाबा. मंडळाची दहा-बारा माणसं सजावटीला आली होती. मी आधी बार्न नीट पाहिलं. काका पक्ष्यांना दाणे घालायचे, पुण्य म्हणून, आणि त्या दाण्यांची पोती बार्नमध्येच उघडी पडलेली. उंदरांचं लंगर चाललं होतं तिथे. पत्र्याच्या तळाशी मुठीएवढ्या फटी होत्या. मी सगळ्यांना बाहेर काढलं, चष्मा चढवला, आणि दीड तास पोत्यांच्या बाजूला बसून राहिले. पाच मारले. पाचही दहा फुटांच्या आत. पत्र्यावर ओरखडा नाही.

बाहेर टाळ्या झाल्या. तेवढ्यापुरती मी भारावलेही. मग हातमोजे चढवले, पाचही पिशवीत भरले, ब्लीचचं पाणी शिंपडलं, आणि पिशवी घेऊन बार्नच्या दारातून बाहेर आले. टाळ्या वाजवणारी ती सगळी माणसं एकदम मागे सरकली. वाट करून देण्यासाठी एखादं पाऊल सरकावं तशी नव्हे, चांगली पाच-सहा पावलं. काकांच्या पत्नी सुलभाकाकू लगबगीने पुढे झाल्या आणि दुरूनच म्हणाल्या, "तिकडे बाहेर नळ आहे हं, तिथंच धुवा. आत नको, आत पूजेचं सगळं मांडलंय." चहा आला तो बाहेरच्या झाडाखाली, आमच्या दोघांसाठी.

मी काकांना तीन गोष्टी सांगितल्या. दाण्यांची पोती झाकणाच्या डब्यात भरा. फटींना जाळी ठोका. आणि काही झालं तरी विष घालू नका, कारण विष खाल्लेला उंदीर कुठेतरी सांदीत जाऊन मरतो आणि या उन्हात त्याचा वास दोन दिवसांत घर सोडायला लावतो. काकांनी मान डोलावली. मला मान डोलावणारी माणसं ओळखता येतात, विद्यार्थ्यांना शिकवलंय मी. यांनी एक शब्द ऐकलेला नव्हता.

आम्ही गाडीत बसून परत निघालो.

"बाबा, मीच मारले, मीच उचलले," मी म्हटलं. "फार्मवर रोज करते."

"त्याचं काही नाही," ते म्हणाले. "ते लोक मागे सरकले ते पाहिलंस?"

"पाहिलं."

"मी आठ वर्षांचा होतो. पाटलाचा बैल मेला. तुझ्या आजोबांना बोलावणं आलं, ओढून न्यायला. आजोबा दोर घेऊन गेले आणि सगळ्यांसमोर चावडीपुढे तो दोर खाली ठेवून म्हणाले, आजपासून मेलेलं ढोर ओढणार नाही. बाबासाहेबांनी सांगितलंय. तीन दिवस बैल तसाच पडून होता. चौथ्या दिवशी पाटलाच्या पोरांनी नाकाला फडकी बांधून ओढला. पुढे वर्षभर आम्हाला गावात कुणी मीठसुद्धा विकलं नाही." बाबांनी खिडकीबाहेर पाहिलं. "तू मारलेलं तू उचललंस. ते तुझं काम. पण हे लोक तुला उद्या कशाला बोलावतील ते बघ."

मी त्यांच्यावर चिडले. म्हटलं, तुम्हाला सगळीकडे गावच दिसतं.

सोमवारी अंकुरचा फोन आला. अंकुर पंचविशीतला, शेजारच्या प्लेनोला नोकरी, मंडळाच्या वेबसाइटचं काम बघतो. "ताई, जगन्नाथकाकांनी नंबर दिला. माझ्या गॅराजमध्ये पॉसम आहे यार, घुशीसारखा, पण मांजराएवढा. येऊ शकाल का प्लीज?"

"शहराच्या हद्दीत बंदूक चालवता येत नाही, अंकुर."

"नाही नाही, गन नकोय. ऑलरेडी मेलेला आहे."

"मग मी कशाला?"

त्याला खरंच प्रश्न कळला नसावा. "उचलायला," तो म्हणाला. "सिटीवाले उद्या येतो म्हणाले, पण आई आलीय ना इंडियाहून, तिची पूजा असते. काका म्हणाले तुम्ही करता."

मी त्याला फावडं कसं धरायचं, पिशवी कशी उलटी करायची ते सांगितलं आणि फोन ठेवला. पीएच.डी., पाच पेपर, लायसन्स, पापडांवरचा सगळा नेम, हे सगळं बाजूला सारून तो निरोप बरोब्बर जिथे पोचायचा तिथे पोचला होता. ‘तुम्ही करता.’ मी बाबांना फोनचं काही सांगितलं नाही. पण माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं.

गणपतीच्या दिवशी, रविवारी, सकाळी दहाला पुन्हा काका.

"ताई, इमर्जन्सी आहे. बार्नमध्ये भयंकर वास सुटलाय. दोनशे लोक यायचेत बाराला. स्टेजच्या मागे, गवताच्या गठ्ठ्यांत तीन-चार मरून पडलेत. तुम्ही जरा पटकन येऊन..."

"विष कुणी टाकलं?"

"अहो, तुम्ही गेल्यावर दोन दिवसांनी परत दिसायला लागले. मग म्हटलं, विषाने मरतात ते काय, आपण थोडेच मारतो. ते आपले आपण खातात."

असलं तत्त्वज्ञान मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही ऐकलेलं नाही. मी फोन ठेवून बाबांना सांगितलं, "मी जाणार नाही. कळवून टाकते."

बाबा उठले. पांढरा शर्ट घातला, बूट चढवले, लेस बांधली. "चल," म्हणाले.

"बाबा, मी उचलणार नाही!"

"म्हणूनच चल. फोनवर नाही म्हटलेलं कुणाला दिसत नाही."

धम्मदीपने गाडी काढली. वाटेत तो दोनदा म्हणाला की मंडळाशी वाकडं घेऊन काय मिळणार आहे, इथे आपलं आहे कोण. मी म्हटलं, "बंदुकीने उंदीर मारते यार ती."

बार्नमध्ये पाऊल टाकलं आणि वास नाकात गेला. तीस-चाळीस माणसं आलेली, नाकाला पदर आणि रुमाल. समोर मखर, मखरात गणपती, पायाशी मातीचा उंदीर, त्याच्यासमोरही लाडू ठेवलेला. काका सोवळं नेसून उभे होते, पूजेला तेच बसणार होते. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला. "आल्या! आल्या सुजाताताई! जरा वाट द्या त्यांना."

माणसं पुन्हा मागे सरकली. या वेळी मी मोजलं. सहा पावलं.

मी पिशवीतून सामान काढलं आणि काकांच्या पुढ्यातल्या टेबलावर मांडलं. हातमोजे. मास्क. ब्लीचच्या पाण्याची बाटली. काळ्या पिशव्या.

"हे काय?" काका म्हणाले.

"तुमचं सामान. आमच्या फार्मवर एक नियम आहे, काका. ज्यानं मारलं त्यानं उचलायचं. मागच्या वेळी मी मारले, मी उचलले. हे तुम्ही मारलेत."

"अहो, मी सोवळ्यात आहे!"

"मग सोडा सोवळं. कसं करायचं ते मी इथे उभी राहून सांगते. शिकवणं माझं कामच आहे."

"ताई, तुम्ही उगाच याला जातीवर नेताय," काका जरा आवाज चढवून म्हणाले. "आम्ही इथे जातबीत काही मानत नाही. अमेरिकेत आहोत आपण."

जात हा शब्द मी काढलाच नव्हता. तो त्यांच्याच तोंडून आला. माझा आवाज मला परका वाटण्याइतका चढला. "मानत नाही ना? मग दोनशे माणसांच्या मंडळातून मेलेलं उचलायला मलाच का फोन केलात? अंकुरला माझाच नंबर का दिलात? दोन वर्षांत एकदा तरी मला जेवायला बोलावलंत? गावातलं सगळं सोडून आलात आणि एवढं एकच बरं सांभाळून आणलंत!"

अंकुर मोबाइलकडे बघायला लागला. तेवढ्यात बाबा चालत गेले, पहिल्या रांगेतल्या पहिल्या खुर्चीवर बसले आणि शेजारच्या खुर्चीवर हात ठेवून मला म्हणाले, "ये, बस. आम्ही थांबतो, जगन्नाथराव. वेळ आहे आमच्याकडे."

मी बसले. धम्मदीप दारात घुटमळला, आणि मग तोही येऊन माझ्या पलीकडे बसला. ते मी त्याच्या खात्यावर जमा धरते.

उन्हाने पत्रा तापत चालला, तसा वास वाढत चालला. पहिली पाच मिनिटं लोकांनी आमच्याकडे रागाने पाहिलं. नंतरची पाच मिनिटं एकमेकांकडे पाहिलं. कुणी म्हणालं सिटीला फोन करा, कुणी म्हणालं ही जागा सिटीच्या हद्दीत येत नाही. कुणी म्हणालं तू जा ना, त्यावर तो म्हणाला माझ्या मिसेसला चालणार नाही. वीस मिनिटांनी बाहेर पाहुण्यांच्या गाड्या लागायला लागल्या. काका घरात गेले आणि हाफपँट घालून परत आले. त्यांनी हातमोजे उचलले.

मी उठून त्यांना नीट शिकवलं. टोमणा मारला नाही. आधी पाणी शिंपडा, दोन मिनिटं थांबा, पिशवी हातावर उलटी घाला, धरा, सुलट करा, गाठ मारा. चार होते. तिसऱ्याला ते बाहेर जाऊन ओकून आले, पण चौथाही त्यांनीच उचलला. अंकुरने गवताचे गठ्ठे बाजूला ओढून दिले, तेही कुणी न सांगता. काकांनी पिशव्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या, झाकण लावलं, आणि घाम पुसत बार्नच्या दाराशी आले.

"अहो, थांबा!" सुलभाकाकू आतून ओरडल्या. "आत येऊ नका! कशाला शिवू नका! तिकडे बाहेर नळावर..."

त्या मध्येच थांबल्या. स्वतःचंच बोलणं त्यांना ऐकू आलं असावं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. हातातलं आरतीचं तबक त्यांनी खाली ठेवलं, पण "या" असं काही त्यांच्या तोंडून निघेना. काका उंबऱ्याबाहेर उन्हात उभे, दोन्ही हात अंगापासून लांब धरलेले. पाहुणे त्यांना वळसा घालून आत येत होते.

बाबा उठले आणि बाहेर गेले. मी त्यांच्यामागे गेले. त्यांनी नळ सोडला, जगन्नाथकाकांचा हात मनगटाशी धरून पाण्याखाली घेतला, आणि साबणाची वडी त्यांच्या तळव्यावर ठेवली. काकांनी मान खाली घालून हात धुतले. बराच वेळ धुतले.

"आत कधी घेतील तुम्हाला?" बाबांनी विचारलं. आवाज साधा होता, चौकशी करावी तसा.

"अंघोळ झाली की," काका म्हणाले. "दहा मिनिटं."

बाबांनी नळ बंद केला.

"दहाच मिनिटं? लवकर सुटलात, जगन्नाथराव."